'बारोमास' वाचा, पण पुरस्काराची पट्टी बाजूला ठेवून वाचा

सदानंद देशमुखांची 'बारोमास' ही कादंबरी वाचावी का, तर हो, वाचा. जमलं तर विकतच घ्या, कारण लायब्ररीतून आणलीत तर मुदत वाढवून घ्यायची वेळ येणार, जाडजूड प्रकरण आहे आणि मधेच खाली ठेवून जरा गॅलरीत फिरून यावंसं वाटतं इतकं ते घर डोक्यात शिरतं. ज्यांना नुसतं हो की नाही एवढंच पाहिजे होतं त्यांचं काम इथं झालं. बाकीच्यांसाठी पुढं बरंच लिहितोय, कारण या पुस्तकापेक्षा त्याला लागलेल्या पुरस्काराबद्दल मला जास्त बोलायचंय.

पुण्याच्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनानं २००२ साली ही कादंबरी काढली, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि तेव्हापासून कुठंही नाव निघालं की मागं एक शेपूट येतंच, 'ती शेतकरी आत्महत्यांवरची ना?' झालं. एवढं ऐकलं की निम्मे लोक लांबूनच हात जोडतात, की बाबा रे पेपरात रोज तेच आहे, आता कादंबरीत पण तेच कशाला. उरलेले निम्मे सामाजिक कर्तव्य म्हणून वाचायला घेतात, चाळीसेक पानांवर बुकमार्क घालतात आणि कपाटात ठेवून देतात. कोणी सांगतच नाही की अरे ही एका घरातल्या भांडणाची गोष्ट आहे. नोकरीसाठी पैसे भरायचे की नाही, भरायचे तर आणायचे कुठून, वावर विकायचं का, विकलं तर कोणाच्या हिश्श्याचं, हे ते भांडण. हे भांडण कधीच न झालेलं घर आपल्याकडं शोधावं लागेल.

तर गोष्ट थोडक्यात. एकनाथ तनपुरे, एम.ए. बी.एड., बुलढाण्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा पोरगा. मास्तर व्हायचं म्हणून शिकला, डिग्र्या हातात आहेत, पण संस्थेत चिकटायचं तर संस्थाचालकांच्या हातावर जी रक्कम ठेवावी लागते ती घरात नाही. म्हणून मग शेती. बाप सुभानराव, आई, धाकटा भाऊ मधू आणि एकनाथची बायको अलका. या पाच जणांना धरून बसलात तरी कादंबरी हातात राहते, बाकी गाव, नातेवाईक, म्हातारी माणसं, सोबतीचे शेतकरी असे भरपूर लोक येतात जातात, पण सगळा ताण या पाच जणांत आहे.

आता एकनाथचं दुखणं नीट बघा, कारण सगळी मेख तिथंच आहे. तो नुसता नापास झालेला, हताश झालेला शेतकरी नाहीये. त्याला मातीची ओढ आहे, खोटी नाही, खरी आहे, आणि त्याच वेळी तो शिकलेला असल्यामुळं आपण कशात अडकलोय हे त्याला लख्ख दिसतंय. बाप निदान नशिबावर ढकलू शकतो, पावसावर ढकलू शकतो, देवावर ढकलू शकतो. एकनाथला ती सोय नाही. बियाणं, खत, मजुरी, कर्जाचं व्याज, बाजारातला भाव, हे सगळं कागदावर मांडून बघितलं तर खाली उत्तर काय येतं हे त्याला पेरणीच्या आधीच माहितीये आणि तरी तो पेरतो. शिक्षणानं त्याला नोकरी दिली नाही, फक्त हिशेब मांडायला शिकवलं. मला विचाराल तर ही कादंबरी शेतीइतकीच, कदाचित थोडी जास्तच, शिक्षणावरची आहे. शिक म्हणजे सुटशील असं ज्या पिढीला सांगितलं गेलं त्या पिढीची. आणि हे वाक्य कुठल्याही पुरस्काराच्या बातमीत मला सापडलं नाही, तिथं सगळीकडं 'कृषिसंस्कृतीचं भेदक चित्रण' असलं काहीतरी.

मधू हे पात्र माझ्या मते देशमुखांनी सगळ्यात चतुराईनं लिहिलंय. तो थोरल्या भावाचे हाल बघत मोठा झालेला आहे, आणि त्यातून त्यानं जो धडा घेतला तो एकदम सरळ आहे, दादानं पैसे भरले नाहीत, दादा घरी बसला, मला घरी बसायचं नाही, पैसे भरा. पैसे नाहीत, तर वावर विका. आता यात चूक काय आहे ते सांगा. वाचताना त्याचा राग येतो, यायलाच पाहिजे, कारण बापाच्या पोटात काय कालवाकालव होतेय हे आपल्याला दिसत असतं. पण दोन पानं उलटली की मनात येतं, पोरगं बरोबरच बोलतंय की. ज्या जमिनीनं कोणालाच काही दिलं नाही ती ठेवून करायचं काय? एकनाथला याचं उत्तर देता येत नाही. लेखकालाही देता येत नाही, आणि तो ते द्यायचा आवही आणत नाही, हे मला फार आवडलं. ग्रामीण कादंबरीत एक भाऊ गुणी आणि एक भाऊ वाया गेलेला अशी जी ठरलेली जोडी असते ती इथं नाहीये.

सुभानरावांबद्दल एकच सांगतो. जमीन विकायचा विषय निघाला की हा माणूस कसा बोलतो, कसा गप्प बसतो, ते बघा. शेतकरी बाप म्हटलं की आपल्या डोक्यात एकतर देवमाणूस असतो नाहीतर दारुडा. हा दोन्ही नाही. हट्टी आहे, चिडका आहे, कधी कधी मूर्खासारखा वागतो, आणि तरी त्याच्याकडं बघून गळ्याशी येतं.

अलकापाशी जरा थांबतो. शहराची सवय असलेली, शिकलेली मुलगी, नवरा एवढा शिकलाय म्हणजे आज ना उद्या नोकरी लागणार या हिशेबानं या घरात आली. नोकरी काही लागत नाही. मग कुरबुरी, टोमणे, माहेर, सगळं जसं होतं तसं होत जातं. इथं माझी पहिली तक्रार. अलका आपल्याला बहुतेक वेळा एकनाथच्या बाजूनंच दिसते, म्हणजे ती कटकट करते, ती समजून घेत नाही, ती निघून जाते. तिच्या डोक्यात काय चाललंय, लग्नाआधी तिला काय सांगितलं होतं, त्या घरात तिचा दिवस कसा जातो, यात लेखक मधूच्या मनात शिरला तसा शिरलेला नाही असं मला वाटलं. तिचा युक्तिवाद मधूइतकाच भक्कम आहे खरं तर, फसवणूक तिचीही झालीये, पण तिला तो मांडायला तेवढी जागा मिळत नाही. माझ्या ओळखीच्या दोन-तीन बायकांनी ही कादंबरी वाचल्यावर पहिलं हेच बोलून दाखवलं, आणि पुरुषांपैकी कोणीच नाही, आता यातून काय समजायचं ते समजा.

पण अलकाचा भाग जुना झालाय असं म्हणाल तर अजिबात नाही. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न जमत नाही म्हणून तरुण पोरांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता, आठवतंय? टीव्हीवाल्यांनी गंमत म्हणून दाखवला. शेती आहे, घर आहे, पण नोकरी नाही म्हणून मुलगी मिळत नाही. देशमुखांनी हे वीस वर्षं आधी घरात बसून लिहून ठेवलंय, फक्त त्यांच्या एकनाथचं लग्न झालेलं आहे एवढाच फरक. तेव्हा निदान डिग्रीवर मुलगी मिळत होती म्हणायची.

आणि डोनेशनचं काय? तेही बघा. २०१७ पासून शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि सरकारचं पवित्र पोर्टल आलं, म्हणजे हा संस्थाचालकांचा बाजार बंद होईल अशी आशा होती. पण खासगी संस्थांसाठी 'मुलाखतीसह' असा पर्याय त्यात आहेच, आणि त्या मुलाखतीबद्दल भरतीची तयारी करणारी पोरं काय बोलतात ते त्यांच्याकडूनच ऐका. त्यात २०१९ च्या टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा घोटाळा बाहेर आला, पुढं परीक्षा परिषदेनं ७,८८० उमेदवारांना अपात्र ठरवलं. म्हणजे मधू ज्या रांगेत उभा होता ती रांग हललेली नाही, फक्त खिडकी बदलली. म्हणून म्हणतो, ही कादंबरी आज स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांनी वाचायला पाहिजे, पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून वाचली तर अजूनच लागेल. पण त्यांना सांगणार कोण, त्यांच्यापर्यंत 'आत्महत्यांवरची कादंबरी' एवढंच पोचतं.

हे लेबल चिकटलं कसं, याचा मी थोडा विचार केला. कादंबरी आली २००२ ला. पुढच्या तीन-चार वर्षांत विदर्भातल्या आत्महत्यांच्या बातम्या देशभर गेल्या, आणि २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलढाणा. बरोबर या मधल्या काळात पुरस्काराची घोषणा झालेली. सगळ्यांना विदर्भ समजून घ्यायचा होता आणि हाताशी एक पुस्तक तयार होतं, दिल्लीचा शिक्का असलेलं, लेखक स्वतः बुलढाणा जिल्ह्यातला, चिखली तालुक्यातल्या अमडापूरचा. मग काय, चर्चासत्रं, अभ्यासक्रम, एम.फिल., सगळे तुटून पडले. पुस्तकाचं नाव झालं, छानच झालं, पण कादंबरी म्हणून वाचायची राहून गेली, तिचा अहवाल झाला. आकडे पाहिजेत तर अहवाल वाचा की, ते सरकारकडं ढिगानं आहेत. एकनाथ पहाटे उठून वावरात का जातो हे अहवालात नसतं.

आता पुरस्काराकडं येतो, कारण वाचकांपैकी बऱ्याच जणांना हा प्रकार चालतो कसा हेच माहीत नसतं आणि मग 'अकादमीनं निवडलीये म्हणजे भारीच असणार' नाहीतर 'सगळं लॉबिंग असतं' या दोनच प्रतिक्रिया येतात. साहित्य अकादमी स्थापन झाली १९५४ ला, पुरस्कार सुरू झाले १९५५ पासून. चोवीस भाषांना दरवर्षी एकेक पुरस्कार, म्हणजे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषा अधिक इंग्रजी आणि राजस्थानी. आणि इथं खरी गोम आहे, भाषेला एकच पुरस्कार. कादंबरी, कविता, कथा, समीक्षा, नाटक, आत्मचरित्र, सगळं एकाच रांगेत. कादंबरीचा वेगळा असा राष्ट्रीय पुरस्कार अकादमीकडं नाहीये. त्यामुळं मराठीत काय होतं, की कधी लागोपाठ कादंबऱ्या येतात, २००३ ला, २००४ ला, मग एक वर्ष सोडून २००६, परत एक वर्ष सोडून २००८, आणि त्यानंतर थेट २०२० पर्यंत एकाही कादंबरीला नाही. बारा वर्षं राव! त्या बारा वर्षांत चांगली कादंबरीच लिहिली गेली नाही का? असं कसं होईल. पण समोर कधी कवितासंग्रह, कधी समीक्षेचं जाडजूड पुस्तक, कधी आत्मचरित्र, आणि कशाची तुलना कशाशी करायची हे परीक्षकांनाच ठाऊक.

परीक्षक शेवटच्या फेरीत तीन असतात. आधी यादी तयार होते, मग त्यातून गाळत गाळत थोडी पुस्तकं उरतात, ती या तिघांकडं जातात आणि ते एकमतानं किंवा बहुमतानं ठरवतात. तीन माणसं. एवढ्या मोठ्या भाषेचं एका वर्षाचं सगळं तीन माणसांवर. याला मी वाईट म्हणत नाही, दहा जणांची समिती असती तर सगळ्यांना चालेल असं गुळमुळीत काहीतरी निवडलं असतं, पण निवडीची कारणं वाचकाला नीट, सविस्तर कळायला पाहिजेत असं मला फार वाटतं. सन्मानपत्रात जे येतं ते इतकं गोडगोड आणि सरसकट असतं की त्यातून पुस्तक ओळखू येत नाही. 'बारोमास'ला लेबल चिकटायचं एक कारण हेही आहे. देणाऱ्यांनीच नीट सांगितलं नाही की आम्हाला यात नक्की काय आवडलं, मग बाकीच्यांनी आपापलं ठरवलं.

अजून एक नियम सांगतो, पुरस्काराच्या वर्षाच्या आदल्या वर्षाच्याही आधीच्या ठरावीक वर्षांत पुस्तक पहिल्यांदा छापलेलं पाहिजे. म्हणजे २००४ साठी शेवटचं वर्ष २००२. 'बारोमास' अगदी त्याच वर्षातली, म्हणजे पहिल्याच संधीला निवडली गेली, हे तसं दुर्मीळच म्हणायचं. आणि हा नियम साधा वाटतो पण याच वर्षाच्या हिशेबावरून १९७३ च्या पुरस्काराला वाद झाला आणि जी. ए. कुलकर्णींनी पुरस्कार परत करून टाकला होता. मराठीवाल्यांची ही परंपरा जुनी आहे म्हणा, २०२० चा पुरस्कार नंदा खऱ्यांनी घेतलाच नाही, समाजानं मला भरपूर दिलंय, आता पुरस्कार घ्यायचे नाहीत असं आधीच ठरवलंय म्हणाले. बारा वर्षांनी एका कादंबरीचा नंबर लागला आणि लेखक म्हणतो नको. मला तर हे फार भारी वाटलं होतं.

पैशाचं विचाराल तर सुरुवातीला पाच हजार होते, वाढत वाढत २००३ पासून पन्नास हजार झाले आणि २००९ पासून एक लाख. सोबत ताम्रपट असतो, त्याचं डिझाइन सत्यजित राय यांनी केलेलं. म्हणजे देशमुखांना पन्नास हजार मिळाले असणार. नोकरीसाठी भरायला पैसे नसलेल्या एम.ए. बी.एड. पोराची गोष्ट लिहिल्याबद्दल पन्नास हजार, आणि तेवढ्यात एकनाथला कुठल्या शाळेत चिकटता आलं असतं का हा वाकडा विचार माझ्या डोक्यात येऊन गेलाच.

पण पुरस्कारानं एक काम मात्र खरंच चोख केलं, पुस्तक मराठीच्या बाहेर नेलं. हिंदीत दामोदर खडसे यांनी अनुवाद केला आणि त्या अनुवादाला परत अकादमीचा २०१५ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. एकाच पुस्तकाला मूळ आणि अनुवाद असे दोन वेळा, छान आहे की. कादंबरीवर हिंदीत सिनेमाही आला. सिनेमा बघून पुस्तक वाचल्यासारखं समजू नका एवढंच सांगतो, या पुस्तकात घडामोडींपेक्षा घडामोडींच्या मधला वेळ जास्त आहे, पावसाची वाट बघणं, पैशाची वाट बघणं, पत्राची वाट बघणं, आणि ते कॅमेऱ्याला झेपणारं काम नाही.

भाषेबद्दल. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग तिथले लोक सरळ बोलता बोलता करतात, आणि चिखली घाटावर. त्यामुळं तिथली बोली नागपूरकडची नाही, पूर्ण वऱ्हाडीही नाही, मराठवाड्याकडचा एक हेल तिच्यात आहे. 'काहून', 'मंग', 'मह्यं', 'तुह्यं' ही त्या मुलखाची बोलायची पद्धत. पात्रं आपापल्या भाषेत बोलतात आणि लेखक कोणासाठी थांबून अर्थ सांगत बसत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला पहिली पंचवीस-तीस पानं अडखळायला होईल, होऊ द्या. तोंडानं वाचा, मोठ्यानं, आपोआप कळत जातं. शेतीच्या कामांचे, अवजारांचे, पिकांच्या अवस्थांचे शब्द खच्चून भरलेत, सगळे कळले नाहीत तरी चालतं. विनोद पण आहे बरं का, कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. कडू विनोद आहे, पारावर बसलेली माणसं एकमेकांची जी उडवतात त्या जातीचा, पण आहे.

आता दुसरी तक्रार, आणि ही मोठी आहे. पुस्तक लांबलंय. दुःखाची यादी एका ठिकाणी इतकी वाढत जाते की वाचक सुन्न होतो आणि सुन्न झालेल्या वाचकाला पुढचं दुःख पोचत नाही. पाऊस गेला, कर्ज झालं, भाव पडला, घरात भांडण, परत पाऊस गेला. आयुष्य असंच असतं हे मान्य, पण कादंबरीकारानं निवडायचं असतं ना. आणि एकनाथ विचार करायला लागला की कधी कधी त्याच्या तोंडून प्राध्यापक बोलायला लागतात (देशमुख स्वतः बुलढाण्यात कॉलेजात मराठी शिकवायचे). शेतीची व्यवस्था कशी लुटते यावर तो मनातल्या मनात लेक्चर देतो, सगळं खरं असतं, पण ते सुभानरावांच्या एका गप्प बसण्यातून आपल्याला आधीच कळलेलं असतं. एखाद्या कडक संपादकानं लेखकाशी भांडून पन्नास-साठ पानं काढायला लावली असती तर हीच कादंबरी अजून जबर झाली असती असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडं कादंबरीचं संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणं असा समज आहे, त्याचे तोटे असे मोठ्या पुस्तकांनाच जास्त होतात.

तरी पण एक सांगतो, मी ज्या पानांना लांबण म्हणतोय तीच पानं शेती केलेल्या माणसाला दाखवली तर तो म्हणतो, काय लांबलंय यात, असंच असतं. गावाकडचे वाचक या पुस्तकाबद्दल बोलतात तेव्हा गोष्टीबद्दल बोलतच नाहीत, आमच्या घरी पण असंच झालं होतं एवढंच म्हणतात आणि मग त्यांच्या घरचं सांगत बसतात. तेव्हा माझी ही तक्रार शहरी वाचकाची आहे असं धरून चाला.

शेवट सांगत नाही. एवढंच, की चमत्कार होऊन सगळं ठीक होईल अशी वाट बघत वाचू नका आणि उगाच रडवायला शेवट ओढलाय असंही नाही. जो शेवट होणं शक्य होतं तोच होतो.

पाचात किती द्यायचे तर मी चार देईन. अर्धा लांबीचा कापला, अर्धा अलकाचा. पुरस्काराला विचाराल तर अडीच. निवड चोख, पण निवडलेलं पुस्तक वाचकापर्यंत कसं न्यायचं यात काठावर पास, आणि हे फक्त याच वर्षाचं नाही. २०२३ ला कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला मिळाला तेव्हाही तेच झालं, घोषणा झाली, चार दिवस फोटो फिरले, 'विस्थापितांची कादंबरी' असं लेबल लागलं, संपलं. हीच पद्धत राहिली तर अजून वीस वर्षांनी कोणीतरी 'रिंगाण'बद्दल असंच लांबलचक लिहीत बसेल.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. प्रवासात वाचायला नेऊ नका, तुकड्यातुकड्यानं वाचली तर माणसांची नाती विसरायला होतं. ज्यांच्या घरी आत्ता वाटणीचा विषय चालू आहे त्यांनी जरा थांबा, मी गंमत करत नाहीये. दहावी-बारावीतल्या मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून द्यायचं हे पुस्तक नव्हे, लागलेली गोडी जाईल. बी.एड. करून बसलेल्यांनी मात्र नक्की वाचा, आणि ज्यांनी आपल्या वाट्याची जमीन विकून शहरात फ्लॅट घेतलाय त्यांनी तर वाचाच.

घेताना जमलं तर दुकानात जाऊन प्रत हातात घेऊन बघा, माझ्याकडं जी प्रत होती तिची छपाई वाचायला बरी होती पण एवढं जाड पुस्तक उघडं धरून ठेवायला मनगटं दुखतात. आणि वाचून झाल्यावर देशमुखांचं अजून काही वाचावंसं वाटलं तर आधी 'तहान' घ्या, पाण्यावरची आहे, 'बारोमास'च्या आधीची, आणि बरीच आटोपशीर. 'चारीमेरा' नंतर.